मोटरसायकल-क्लब प्रणयकादंबरी : वाचन व परीक्षण

समकालीन प्रणयकादंबरीचा एक उपप्रकार. नायक कायद्याच्या कडेकडेने वावरणाऱ्या मोटरसायकल क्लबचा सदस्य असतो, नायिका बहुधा क्लबबाहेरची असते आणि कथेचा शेवट दोघांच्या एकत्र येण्यात होतो. ही अखेरची अट सैल करता येत नाही. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका (स्थापना १९८०) या संस्थेने प्रणयकादंबरीसाठी दोनच गोष्टी आवश्यक मानल्या : केंद्रस्थानी प्रेमकथा आणि मनाला समाधान देणारा, आशादायी शेवट. त्यामुळे नायक शेवटी मारला जातो किंवा नायिका त्याला कायमची सोडून जाते, अशी कादंबरी कितीही सरस असली तरी तिची गणना गुन्हेगारी कादंबरीत करावी लागते. हे लेखन मुख्यतः इंग्रजीत, अमेरिकेत होते. बडोद्यासारख्या शहरातील मराठी वाचकापर्यंत ते प्रामुख्याने ई-पुस्तकांच्या रूपाने पोहोचते.

उगम : याबाबत तीन मते मांडली जातात. पहिल्या मतानुसार या प्रकाराचे मूळ कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या गावी १९४७ च्या ४ जुलैला जोडून आलेल्या सुट्टीत घडलेल्या प्रकारात आहे. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या मान्यतेने भरलेल्या मेळाव्याला सुमारे ४,००० चालक आले आणि काहींनी दारूच्या नशेत धुमाकूळ घातला. २१ जुलैच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात बिअरच्या बाटल्यांच्या ढिगात उभ्या मोटरसायकलीवर रेललेल्या माणसाचे छायाचित्र आले. ते मुद्दाम मांडणी करून काढले असावे, असा संशय पुढे व्यक्त झाला. ‘हार्पर्स’ मासिकातील १९५१ ची एक कथा आणि तिच्यावरून निघालेला ‘द वाइल्ड वन’ (१९५३) हा चित्रपट यांनी चामड्याच्या जाकिटातला बंडखोर लोकप्रिय केला. ‘नव्याण्णव टक्के चालक कायदा पाळणारे आहेत’ हे विधान याच सुमारास असोसिएशनने केले, असे सांगतात. तसे विधान केल्याची नोंद आपल्याकडे नाही, असे असोसिएशनचे म्हणणे आहे. विधान झाले असो वा नसो, उरलेला ‘एक टक्का’ म्हणजे आपणच, असे काही क्लबांनी ठरवले आणि तसा शंकरपाळ्याच्या आकाराचा पॅच (जाकिटावरचा कापडी बिल्ला) शिवून घेतला. कादंबऱ्यांत तो हमखास दिसतो.

दुसरे मत नायकाच्या घडणीवर भर देते. १९७० नंतरच्या ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्यांतील समुद्री चाचा आणि स्कॉटिश टोळीप्रमुख यांचाच हा आधुनिक वंशज, असे ते मत. नायकाचा रांगडेपणा यामुळे उलगडतो, परंतु मतदान, हुद्दे, उमेदवारी ही क्लबची यंत्रणा कोठून आली, हे त्यातून कळत नाही.

तिसरे मत या प्रकाराला बरेच अलीकडचे मानते. ‘सन्स ऑफ अनार्की’ ही दूरचित्रवाणी मालिका (२००८–१४) क्लबचे अंतर्गत जीवन घरोघरी घेऊन गेली. त्याआधीच, नोव्हेंबर २००७ मध्ये, ॲमेझॉनने किंडलसाठी लेखकांना स्वतः प्रकाशन करण्याची सोय दिली होती. क्रिस्टन ॲशली यांची ‘मोटरसायकल मॅन’ (२०१२) आणि जोआना वाइल्ड यांची ‘रीपर्स प्रॉपर्टी’ (२०१३) या काळातल्या. त्यानंतर अशा कादंबऱ्यांचा ओघ सुरू झाला. हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९५३ च्या चित्रपटाचा नायक शेवटी एकटाच गावाबाहेर निघून जातो. तेथे बंडखोर आहे, पण प्रणयकादंबरीला लागणारा शेवट नाही. मेजाभोवती बसून मते देणे, त्या बैठकीला ‘चर्च’ म्हणणे, ‘प्रॉस्पेक्ट’ने, म्हणजे सदस्यत्वाच्या उमेदवाराने, पडेल ते काम करणे हा कादंबऱ्यांतला सारा सरंजाम हॉलिस्टरपेक्षा मालिकेच्या कितीतरी जवळचा आहे. तरी एकच आरंभबिंदू ठरवणे धाडसाचे होईल.

क्लबची रचना : प्रेसिडेंट, व्हाइस प्रेसिडेंट, शिस्त राखणारा सार्जंट ॲट आर्म्स, खजिनदार, सेक्रेटरी आणि प्रवासाची आखणी करणारा रोड कॅप्टन हे नेहमीचे हुद्दे. नवखा आधी नुसता येत-जात राहतो, मग प्रॉस्पेक्ट होतो. साधारण वर्षभर, कधी अधिक काळ, उमेदवारी केल्यावर सदस्यांच्या मताने त्याला पूर्ण पॅच मिळतो. अनेक क्लबांत हे मत एकमुखी असावे लागते. बिनबाह्यांच्या जाकिटाला ‘कट’ म्हणतात. त्याच्या पाठीवर वरच्या कमानीत क्लबचे नाव, मध्ये चिन्ह आणि खालच्या कमानीत प्रदेशाचे नाव असते. खालच्या कमानीकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण ती प्रदेशावरचा दावा असते. मंगोल्स क्लबने ‘कॅलिफोर्निया’ हे नाव पाठीवर लावल्यावरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस हेल्स एंजल्सशी त्यांचे वैर पेटले. ज्या कादंबरीत दोन शत्रू क्लब एकाच राज्याची कमान लावून एकाच गावात सुखाने नांदतात, तिच्या लेखकाने पायाच घातलेला नाही, असे समजावे. बहुतेक लेखक क्लबची नावे काल्पनिक ठेवतात. हेल्स एंजल्ससारखे क्लब आपल्या चिन्हाच्या गैरवापराबद्दल न्यायालयात जातात, हे त्याचे एक व्यावहारिक कारण असावे.

‘ओल्ड लेडी’ म्हणजे सदस्याची मान्यताप्राप्त जोडीदारीण. ‘प्रॉपर्टी ऑफ’ असा पॅच तिच्या पाठीवर येणे हा या कादंबऱ्यांत वाङ्निश्चयाच्या तोडीचा प्रसंग असतो, आणि परीक्षणात सर्वाधिक मतभेद याच प्रसंगावरून होतात.

वाचनपद्धती : या कादंबऱ्या मालिकेने येतात. प्रत्येक भागात एका सदस्याची जोडी जुळते, आधीच्या जोड्या पार्श्वभूमीला राहतात. पहिला भाग वगळला तर क्लबमधली जुनी भांडणे कळत नाहीत, म्हणून क्रम पाळावा. निवेदन बहुधा प्रथमपुरुषी असते आणि प्रकरणागणिक नायिका व नायक आलटून पालटून बोलतात. दोघांचे आवाज वेगळे आहेत का, हे पाहण्यासाठी प्रकरणाचे शीर्षक झाकून मधलाच एखादा परिच्छेद वाचावा. कोण बोलते आहे हे चार-पाच ओळींत कळले नाही, तर ते लेखनातले वैगुण्य धरावे.

ई-वाचन उपकरणावर टक्केवारी दिसते, तिचा उपयोग करून चार ठिकाणी खूण करावी. पहिली भेट, सुमारे २५ टक्क्यांवर नायिका क्लबच्या कक्षेत ओढली जाते ते कारण, ५० च्या आसपास नाते बदलते तो प्रसंग, आणि ७५ ते ८० टक्क्यांवरचे संकट. याशिवाय नायक क्लबच्या निर्णयाविरुद्ध जातो किंवा त्यापुढे मान तुकवतो, अशी प्रत्येक जागा अधोरेखित करावी. पुस्तक संपल्यावर नुसत्या या खुणा ओळीने वाचल्या की कादंबरीचा सांगाडा उघडा पडतो. चौथ्या खुणेपाशी सर्वाधिक पुस्तके कोसळतात. शत्रू क्लब नायिकेला पळवून नेतो, नायक तिला सोडवतो आणि तोवरचा त्यांच्यातला खरा वाद, म्हणजे त्याने लपवलेली गोष्ट किंवा तिने मागितलेले उत्तर, तसाच राहून जातो. अपहरण हे निर्णय टाळण्याचे साधन झाले की शेवटची मिठी पोकळ वाटते.

वाहनवर्णनाची तपासणी : लेखकाने विषय किती जवळून पाहिला आहे, हे येथे लवकर कळते. नायक हार्ले-डेव्हिडसन चालवतो असे गृहीत धरावे. तिच्या नेहमीच्या इंजिनात ४५ अंशांच्या कोनात दोन सिलिंडर असतात आणि दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनला (फिरत्या दांड्यावरच्या खुंटीला) जोडलेले असतात. त्यामुळे स्फोट समान अंतराने न होता ३१५ आणि ४०५ अंशांच्या आलटत्या अंतराने होतात, आणि उभ्या गाडीचा आवाज लंगडत आल्यासारखा येतो. ‘एकसुरी गुरगुर’ असे लिहिणाऱ्या लेखकाने तो ऐकलेला नसावा. १९९३ नंतरच्या बहुतेक हार्लेंवर मागच्या चाकाला पट्टा असतो, त्यामुळे वाटेत ‘साखळी तुटली’ हा प्रसंग टिकत नाही. स्पोर्ट्‌स्टर या मॉडेलचा गिअर १९७४ पर्यंत उजव्या पायाशी होता. १९६८ च्या स्पोर्ट्‌स्टरवर नायक डाव्या पायाने गिअर टाकत असेल तर ती चूक आहे. जुन्या बुलेटचा गिअरही उजवीकडेच असल्याने आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट सहज पटते. डायना ही हार्ले गाड्यांची मालिका २०१८ च्या मॉडेल-वर्षापासून बंद होऊन सॉफ्टेलमध्ये विलीन झाली. २०२० ची कोरी डायना कोणत्याही नायकाकडे असू शकत नाही.

सर्वांत लाडका प्रसंग रात्रीच्या फेरीचा. तो असा तपासावा. गाडीला मागची सीट आणि मागे बसणाऱ्याच्या पायांसाठी खुंट आहेत का? अनेक सदस्य एकेरी सीट लावतात, आणि मग नायिका बसणार कोठे, याचे उत्तर लेखकाने द्यायला हवे. बाजूचा स्टँड डावीकडे असतो, म्हणून चढायचे डावीकडून. बहुतेक मॉडेलांत सायलेन्सर उजवीकडे असतो. आखूड फ्रॉक घालून उजवीकडून चढलेल्या नायिकेची पोटरी भाजली पाहिजे. छोट्या टाकीच्या स्पोर्ट्‌स्टरमध्ये सुमारे ८ लिटर पेट्रोल मावते, म्हणजे साधारण दीडशे किलोमीटर. तिच्यावर न थांबता ३०० किलोमीटर जाता येत नाही, रोड किंगसारख्या मोठ्या गाडीवर जाता येते. ताशी १०० किलोमीटरला वाऱ्यामुळे शब्द ऐकू येत नाहीत, त्यामुळे धावत्या गाडीवरचे लांबलचक संवाद खोटे ठरतात. जाणकार लेखक तेथे स्पर्शावर कथन चालवतो : वळणावर कमरेभोवतीची पकड घट्ट होणे, सिग्नलला गुडघ्यावर टेकलेला हात. हेल्मेटचा कायदा राज्यागणिक वेगळा आहे. कॅलिफोर्नियात १९९२ पासून ते सर्वांना सक्तीचे आहे, इलिनॉय व आयोवात तसा कायदाच नाही. मोकळे सोडलेले केस कोणत्या राज्यात उडत आहेत, हे पाहावे.

परीक्षणाच्या कसोट्या : अभ्यासक पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये प्रणयकादंबरीची आठ अंगे सांगितली, त्यांपैकी ‘अडसर’ आणि ‘विधिवत मृत्यू’, म्हणजे मीलन अशक्य वाटते तो क्षण, ही दोन येथे विशेष उपयोगी पडतात. चांगल्या कादंबरीत अडसर क्लबमधूनच उभा राहतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : नायकाच्या अंगावरचा कट काढून त्याला सुतार किंवा डॉक्टर केले तर कथा तशीच चालेल का? चालत असेल तर क्लब हा केवळ पेहराव आहे. क्लबने नायकाकडे निष्ठा मागितली, नायिकेने सत्य मागितले आणि त्याला दोन्ही देता येईना, तर कादंबरीला कणा आहे. पॅच काढून ठेवण्याची तयारी, हुद्दा गमावणे, मतदानात हरणे अशी काही किंमत त्याने मोजलेली दिसली पाहिजे.

जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये एका अमेरिकन गावातील वाचक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नायकाच्या क्रूर वागण्याचा अर्थ शेवटी ‘ते प्रेमच होते’ असा लावून घेतला जातो, हे त्यांचे निरीक्षण या उपप्रकाराला तंतोतंत लागू पडते. रेजिस यांना मात्र प्रणयकादंबरीत नायिकेचे स्वातंत्र्य दिसते. रचना पाहताना रेजिस, आणि संमती पाहताना रॅडवे, असा विनियोग सोयीचा ठरतो. नायिकेचा नकार कथेत नोंदला जातो का, त्यानंतर नायक थांबतो का, आणि तिला निघून जाण्याचे साधन (पैसे, गाडी, फोन, मैत्रीण) उरते का, हे परीक्षणात स्पष्ट लिहावे. प्रॉपर्टी पॅच ती समजून-उमजून घेते की तिच्यावर चढवला जातो, यावर तो प्रसंग सुंदर की किळसवाणा, हे ठरते. ‘डार्क’ (हिंसा व जबरदस्ती असलेल्या) म्हणून विकल्या जाणाऱ्या पुस्तकांत आरंभीची सूचना वाचावी आणि परीक्षणात ती पुन्हा द्यावी.

गुन्ह्याचा भाग बहुधा कच्चा असतो. अमेरिकेचा १९७० चा ‘रिको’ कायदा दहा वर्षांच्या आत घडलेल्या किमान दोन गुन्ह्यांवरून संघटित टोळीचा खटला उभा करू देतो. ‘क्लबने शस्त्रांचा धंदा सोडून गॅरेज काढले’ एवढ्या एका वाक्याने मागचे सारे पुसले जात नाही. मोक्का ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

‘हिरो एकदम भारी, एका बैठकीत वाचली’ एवढ्याने परीक्षण होत नाही. ‘क्लबच्या मतदानात नायक हरतो, तरी नायिकेला खरे सांगतो, मात्र त्यानंतरचे अपहरण उगीच ओढून आणले आहे’ अशा दोन ओळींतून पुढच्या वाचकाला निवड करता येते.

बडोद्यातील मराठी वाचक : सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० मध्ये बडोद्यास आणून मध्यवर्ती व फिरत्या ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. मराठी वाङ्मय परिषद येथे कार्यरत आहे आणि ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१८ मध्ये येथेच भरले. वाचनसंस्कृतीची अशी भक्कम बैठक असताना प्रणयकादंबरीकडे वाचून फेकून देण्याजोगी वस्तू म्हणून पाहणे योग्य नव्हे. तिचेही बारकाईने परीक्षण व्हायला हवे. क्लबमधली उमेदवारी येथील वाचकाला परकी वाटू नये. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या या शहरात उस्तादाचा शब्द आणि नव्या पठ्ठ्याने आधी आखाड्याची माती खणणे या गोष्टी ओळखीच्या आहेत.

हे कथानक जसेच्या तसे बडोद्यात आणू पाहणाऱ्या मराठी लेखकापुढे मात्र ठोस अडचणी आहेत. गुजरातेत दारूबंदी आहे, म्हणजे क्लबहाउसमधला बार हा मुळातच गुन्हा ठरतो. तो तसाच दाखवावा. पोलीस, हप्ता आणि चोरटा पुरवठा यांतून कथेला हवा तो ताण आयता मिळतो. ९३ किलोमीटरच्या अहमदाबाद–वडोदरा द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. ताफा जुन्या महामार्गानेच न्यावा लागेल. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या रचनेतील फेरफारांना आळा घालते, कलम १२९ हेल्मेट सक्तीचे करते. संघटित गुन्हेगारीसाठी राज्यात १ डिसेंबर २०१९ पासून गुजसीटोक हा कायदा लागू आहे. नायक हार्लेऐवजी बुलेटवर आला तर आवाजाचे वर्णनही बदलावे लागेल, कारण तिला एकच सिलिंडर असतो.

इतर बाबी : ‘एक टक्का’ क्लबांत स्त्रियांना सहसा सदस्यत्व नसते आणि त्यांपैकी अनेकांचा इतिहास केवळ गोऱ्यांच्या सदस्यत्वाचा आहे. बहुतांश कादंबऱ्या यावर मौन बाळगतात. ओकलंडमध्ये १९५९ साली कृष्णवर्णीयांचा ईस्ट बे ड्रॅगन्स हा क्लब स्थापन झाला, यावरून हे विश्व कादंबऱ्या दाखवतात त्यापेक्षा किती विस्तृत होते, हे दिसते. परीक्षकाने क्लबमध्ये कोण आहे याबरोबर कोण नाही, हेही नोंदवावे.