कोडशेअर विमानाचा अपघात: भरपाईचा दावा कोणत्या कंपनीवर लावायचा?

ई-तिकिटाची पीडीएफ उघडा. फ्लाइट नंबरखाली बारीक अक्षरांत ‘ऑपरेटेड बाय’ आणि पुढे भलत्याच कंपनीचं नाव दिसलं, तर तिकीट विकणारी एक आणि विमान उडवणारी दुसरी. यालाच कोडशेअर म्हणतात.

१२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ फ्लाइट ३४०७ एका घरावर कोसळली, ५० जण गेले. तिकिटांवर नाव कॉन्टिनेंटलचं होतं. विमान चालवत होती कोलगन एअर. कुटुंबांनी दोघींनाही कोर्टात खेचलं. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला: तिकीट विकताना विमान प्रत्यक्षात कोण उडवणार ते वेबसाइटवर आधीच दाखवायचं.

तो प्रवास देशांतर्गत होता. आपल्याकडून परदेशी जाणाऱ्यांना बहुतेकदा लागू होतो १९९९ चा माँट्रियल करार, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईबद्दलचा देशादेशांतला करार. भारतात तो २००९ पासून, १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतून लागू आहे. एकाच तिकिटावर पुणे-दिल्ली-फ्रँकफर्ट असेल, तर पुणे-दिल्लीचा टप्पाही आंतरराष्ट्रीयच धरतात.

या करारानुसार कोडशेअरमध्ये दावा विकणारीवर लावा, उडवणारीवर लावा किंवा दोघींवर; निवड तुमची. ‘चूक त्यांच्या वैमानिकाची, तिकडे जा’ असं विकणारीला म्हणता येत नाही. कोणी किती भार उचलायचा हे त्या आपसातल्या करारानुसार नंतर ठरवतील. ते त्यांचं घरचं भांडण. भरपाई मात्र दुप्पट होत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. एकाच तिकिटावर प्रत्येक टप्पा वेगळ्या कंपनीच्या स्वतःच्या नंबरने असेल, तर तो कोडशेअर नव्हे. तिथे सहसा ज्या टप्प्यावर अपघात झाला, त्याच कंपनीवर दावा चालतो.

दावा कोण करू शकतं? पती-पत्नी, मुलं, आईवडील, आजीआजोबा, नातवंडं, भावंडं. सावत्र आईवडील, सावत्र मुलं आणि सावत्र भावंडंसुद्धा. भारतात एका मृत प्रवाशासाठी एकच दावा चालतो आणि तो सगळ्या हक्कदारांच्या वतीने असतो. म्हणून सुनेने एक वकील आणि दिराने दुसरा, असं करण्याआधी घरात बसून बोला.

रक्कम. २८ डिसेंबर २०२४ पासून करारातली मर्यादा प्रवाशामागे १,५१,८८० एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण दोन लाख अमेरिकी डॉलर. सिद्ध झालेल्या नुकसानीपैकी एवढ्यापर्यंतच्या भरपाईसाठी कंपनीची चूक दाखवावी लागत नाही. त्यापुढच्या रकमेसाठी आपली चूक नव्हती, किंवा दोष पूर्णपणे तिसऱ्याचाच होता, हे कंपनीनेच सिद्ध करायचं.

कागदपत्रं
- ई-तिकीट आणि बोर्डिंग पासचा फोटो. तिकीट क्रमांकाचे पहिले तीन आकडे ते कोणत्या कंपनीने जारी केलं ते सांगतात (०९८ एअर इंडिया, २२० लुफ्तान्सा).
- मृत्यूचा दाखला. परदेशातला असेल तर अपोस्टिल (कागद अस्सल असल्याचा त्या देशाचा अधिकृत शिक्का) किंवा तसं अधिकृत प्रमाणीकरण करून घ्या.
- नात्याचे पुरावे: विवाह नोंदणी, जन्मदाखले, रेशनकार्ड, वारस दाखला.
- कमाईचे पुरावे: फॉर्म १६, आयकर विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा. मोठी रक्कम यांवरच ठरते, तरी घाईत नेमके हेच राहून जातात.

दोन्ही कंपन्यांना लेखी दावा एकाच दिवशी पाठवा, पोच जपून ठेवा. आगाऊ मदत दिली म्हणून कंपनीने जबाबदारी मान्य केली असं होत नाही आणि ती पुढे अंतिम रकमेतून वळती होऊ शकते. ती जरूर घ्या, पण ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

कोर्ट बहुधा घराजवळचंही मिळतं: प्रवाशाचं कायमचं घर भारतात असेल आणि कंपनीची इथे सेवा व कार्यालय असेल, तर दावा इथे चालू शकतो.

मुदत दोन वर्षांची. विमान ज्या तारखेला पोहोचायचं होतं, त्या तारखेपासून ती मोजतात. चौकशी अहवालासाठी थांबू नका; असा अहवाल अपघाताचं कारण शोधतो, कोणत्या कंपनीने किती पैसे भरायचे ते ठरवत नाही. तो उशिरा आला म्हणून मुदतही वाढत नाही.