स्विच 200 अँपिअरचा का? यंत्रांच्या फीडरमागचा जुना हिशेब

तीन मोटरींचे एक यंत्र घ्या : 50, 20 आणि 10 एचपी, अमेरिकेतल्या कारखान्यात, 460 व्होल्टवर. तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या तक्त्यात या मोटरींचा फुल लोड करंट, म्हणजे पूर्ण भारावर त्या ओढतात तो करंट, 65, 27 आणि 14 अँपिअर दिला आहे, म्हणजे एकूण 106. तरीही फीडरची, म्हणजे साऱ्या यंत्राला वीज आणणारी मुख्य, तार किमान 122 अँपिअरची धरतात, फ्यूज 150 चे घालतात आणि स्विच 200 चा बसवतात. या कामात नव्याने आलेला माणूस इथेच गोंधळतो. तारेपेक्षा फ्यूज मोठा कसा? उत्तर शोधायचे तर मागे जावे लागते, कारण यातला प्रत्येक आकडा वेगळ्या काळातल्या वेगळ्या अडचणीतून आला आहे.

फ्यूज जन्मला तो दिव्यांसाठी. एडिसनने 1880 मध्ये ‘सेफ्टी कंडक्टर’चे पेटंट घेतले : मार्गात मुद्दाम एक बारीक तुकडा ठेवायचा, तो आधी वितळेल आणि घरातली तार वाचेल. चार वर्षांनी ब्रिटिश टपाल खात्याचे विल्यम प्रीस यांनी वितळण्याचा करंट आणि तारेचा व्यास यांचे नाते मांडले. त्यांच्या सूत्राने 1 मिलिमीटरची तांब्याची तार साधारण 80 अँपिअरला वितळते. पण उघड्यावर वितळणारी तार ठिणग्या उडवते. 1890 मध्ये इंग्लंडमध्ये मॉर्डी यांनी फ्यूजची तार बंद नळीत घालून भोवती न जळणारी पूड भरली. आजच्या एचआरसी (मोठा शॉर्ट सर्किट करंट सुखरूप तोडणाऱ्या) फ्यूजमधली वाळू ही त्याच कल्पनेची पुढची पायरी.

तारेचा प्रश्न वेगळा होता : किती करंटने ती किती तापते? एडिसनच्या प्रयोगशाळेत केनेली यांनी 1889 मध्ये हे मोजले. 1897 मध्ये कोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यामागे आगींची भरपाई देणाऱ्या विमा कंपन्यांचा मोठा रेटा होता. आज वापरात असलेल्या तारांच्या तक्त्यांचा पाया मात्र सॅम्युएल रॉश यांच्या 1938 च्या कामावर आहे. 1940 च्या कोडने ते स्वीकारले.

तोवर कारखाने बदलले होते. पूर्वी एका वाफेच्या इंजिनावर लांब शाफ्ट फिरे आणि पट्ट्यांनी सारी यंत्रे चालत. मुंबईच्या गिरण्यांनीही असेच दिवस काढले. 1915 मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत आली आणि तिथे मोटरींना वाट मिळाली. पुढे यंत्रागणिक स्वतंत्र मोटर आली, तसा यंत्रागणिक स्वतंत्र स्विचही लागू लागला. स्लेटच्या पाटीवरचे उघडे नाइफ स्विच कामगाराच्या हाताशी ठेवणे धोक्याचे होते. म्हणून पोलादी पेटीतले, बाहेरून दांडा ओढून बंद करायचे स्विच आले. डेट्रॉइटची एक फ्यूज बनवणारी कंपनी अशा स्विचवरच्या चौकोनातल्या ‘डी’मुळे इतकी ओळखली गेली की तिने 1917 मध्ये स्क्वेअर डी हेच नाव घेतले.

मोटरीने दिव्यांचा हिशेब मोडला. थेट सुरू होताना ती फुल लोडच्या साधारण सहा पट करंट ओढते. फ्यूज तारेच्या मापाचा घातला तर सुरू करतानाच उडतो, आणि मोठा घातला तर मोटर सावकाश जळत असताना गप्प बसतो. या पेचातून निघालेली वाट मला विद्युत अभियांत्रिकीतली फार शहाणपणाची वाटते : काम वाटून द्या. जादा लोड ओव्हरलोड रिलेने (करंट बराच वेळ जास्त राहिला की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाने) पाहायचा, शॉर्ट सर्किट फ्यूजने. नेहमीच्या मोटरीसाठी रिले फुल लोडच्या सव्वापटीपर्यंत लावता येतो. तेवढा करंट तारेला सोसावा लागेल, म्हणून सर्वांत मोठ्या मोटरीचे 125 टक्के आणि बाकीच्यांची बेरीज. 81.25, 27 आणि 14 मिळून झाले 122.

फ्यूजची गोष्ट त्याहून रंजक आहे. साध्या, लगेच उडणाऱ्या फ्यूजला कोड 300 टक्के सूट देतो : 65 चे 195, म्हणून त्या मोठ्या मोटरीला 200 चा फ्यूज. त्यात 27 आणि 14 मिळवले की 241. फीडरसाठी खालचे प्रमाण माप 225, आणि तो बसायला 400 चा स्विच. दुहेरी घटकांचे टाइम-डिले फ्यूज आले, तेव्हा एक घटक सुरुवातीचा झटका सोसू लागला आणि दुसरा शॉर्ट सर्किट तोडू लागला. मग 175 टक्के पुरले. 113.75 वरून मोठ्या मोटरीला 125 चा फ्यूज, बाकीच्या दोघींसह बेरीज 166, म्हणून फीडरला खालच्या मापाचा 150 चा फ्यूज. स्विचची स्वतःची अट एकूण करंटच्या 115 टक्क्यांची, म्हणजे 122. तिथल्या मापांत 100 नंतर थेट 200 येतो, म्हणून 200. एका फ्यूजने स्विच निम्म्यावर आणला!

उणिवाही अपघातांनी दाखवल्या. तीनपैकी एक फ्यूज उडाला की मोटर दोन फेजांवर चालत राहते आणि जळते. 1971 च्या कोडने तिन्ही फेजांवर ओव्हरलोड संरक्षण सक्तीचे केले. 2005 पासून यंत्राच्या पाटीवर ते किती शॉर्ट सर्किट करंट सोसू शकते हेही लिहावे लागते. ट्रान्सफॉर्मर मोठे होत गेले, तशी ही गरज वाढली.

भारतात यंत्रांसाठी आयईसी 60204-1 या आंतरराष्ट्रीय मानकाची वाट आहे आणि फ्यूज 60269 चे, जीजी (सर्वसाधारण) किंवा एएम (मोटरींसाठी, फक्त शॉर्ट सर्किट तोडणाऱ्या) जातीचे. इथे टक्क्यांऐवजी उत्पादकाचा तक्ता पाहतात, ज्यात कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विद्युतचुंबकी स्विच), रिले आणि फ्यूज एकत्र चाचणी करून जुळवलेले असतात. अमेरिकेहून आलेल्या यंत्राच्या कागदावरचा 175 टक्क्यांचा फ्यूज तसाच जीजी जातीत उचलू नये. दोघांच्या वितळण्याच्या वेळा वेगळ्या आहेत.