सैतान : मोहात पाडणारा (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाने निर्माण केलेला, पण पुढे देवाविरुद्ध उठलेला आत्मा. माणसाला देवाच्या आज्ञेपासून फोडणे हे त्याचे मुख्य काम. हिब्रू ‘सातान’ म्हणजे विरोधक, न्यायसभेत उलट बाजूने उभा राहून आरोप करणारा. मराठीत शब्द आला तो अरबी-फारसीच्या वाटेने. मराठी बायबलात मत्तय ४:३ मध्ये त्याला ‘परीक्षक’ म्हटले आहे. बोर्डाच्या परीक्षा दिलेल्या वाचकाला हा शब्द जरा जास्तच सभ्य वाटतो, पण तो चुकीचा नाही. मूळ ग्रीक क्रियापदाला कस लावणे आणि मोहात पाडणे असे दोन्ही अर्थ आहेत. देव कस लावतो तो माणूस टिकावा म्हणून, सैतान लावतो तो माणूस मोडावा म्हणून.

या दुहेरी अर्थाचा घोळ प्रभूच्या प्रार्थनेत रोज होतो. ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ म्हणताना देवच माणसाला मोहात ढकलतो की काय, अशी शंका येते. याकोबाचे पत्र (१:१३) ती साफ फेटाळते : देव कोणाला मोहात पाडत नाही, माणूस स्वतःच्याच वासनेने ओढला जातो. इटलीतील कॅथलिक चर्चने याच कारणासाठी ही ओळ बदलली. ‘आम्हांला मोहाच्या हवाली करू नकोस’ अशा अर्थाचा पाठ २०१९ मध्ये मंजूर झाला आणि २०२० च्या अखेरीस मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य सामूहिक उपासनेत, आला.

जुन्या करारात सैतान अजून पुरता शत्रू झालेला नाही. ईयोबाच्या पुस्तकात तो देवाच्या दरबारात येतो आणि परवानगी घेऊनच हात घालतो : आधी मालमत्तेला आणि मुलाबाळांना, मग शरीराला, जिवाला मात्र नाही. कल्पना कशी सरकत गेली हे दावीद राजाने केलेल्या प्रजेच्या शिरगणतीवरून दिसते. २ शमुवेल २४ म्हणते की देवाच्या कोपाने दाविदाला त्यासाठी उठवले. तीच गोष्ट नंतर सांगणारे १ इतिहास २१ म्हणते, सैतानाने. एदेन बागेतल्या सर्पालाही उत्पत्तीच्या पुस्तकात कुठे सैतान म्हटलेले नाही. ती जोडणी स्पष्टपणे केली बायबलाच्या शेवटच्या पुस्तकाने, प्रकटीकरणाने (१२:९). सैतानाचे ‘लुसिफर’ हे नाव यशया १४:१२ च्या लॅटिन भाषांतरातून आले. तिथे मुळात बाबेलच्या राजाची टर उडवली आहे.

मोहाची रीत मात्र उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातच पुरी दिसते. सर्प आज्ञा मोडायला सांगत नाही, तो प्रश्न विचारतो, आणि प्रश्नातच खोट मिसळतो : बागेतल्या कोणत्याच झाडाचे फळ खाऊ नका, असे देव म्हणाला का? बंदी होती एकाच झाडाची. हव्वा दुरुस्ती करायला जाते, पण तिच्या तोंडी ‘त्याला स्पर्शही करू नका’ हे वाढीव कलम येते, जे २:१७ मध्ये नाही. आज्ञा होती त्यापेक्षा जाचक वाटू लागली की अर्धे काम झाले. मग ‘तुम्ही मरणार नाही’ हा सरळ नकार येतो आणि शेवटी आमिष : तुम्ही देवासारखे व्हाल.

येशूची परीक्षा मत्तय ४, मार्क १ आणि लूक ४ या तिन्ही ठिकाणी आहे; मार्क ती दोन वचनांत उरकतो. ४० दिवसांच्या उपवासानंतर भूक लागते आणि पहिला घाव तिथेच पडतो : धोंड्यांच्या भाकरी कर. मागितलेली वस्तू वाईट नाही, भाकरीच आहे. मंदिराच्या टोकावरून उडी मार म्हणताना तर परीक्षक स्तोत्र ९१ पाठ म्हणून दाखवतो. शास्त्रवचन ओठांवर असणे हा चांगुलपणाचा पुरावा नव्हे, हा धडा उपदेशक इथूनच काढतात. तिसरे आमिष जगातील सर्व राज्यांचे. लूक दुसऱ्या-तिसऱ्याचा क्रम उलटा देतो. येशूची तिन्ही उत्तरे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ६ व्या आणि ८ व्या अध्यायांतली, एकेका वाक्याची. तो वाद घालत बसत नाही. हव्वा बोलत राहिली, येशूने विषय तोडला. साधनेच्या पुढच्या सगळ्या शिकवणीत या फरकाला मोठा मान आहे.

लूक शेवटी म्हणतो, सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. विदर्भातल्या वाचकाला इथे दमयंतीचा नल आठवेल. कली बारा वर्षे टपून बसला आणि पाय न धुता संध्येला बसण्याची एवढीशी चूक होताच नलात शिरला. वाट पाहणे दोन्हीकडे सारखे. पण कली नलाला न विचारता शिरतो. ख्रिस्ती मोह संमतीवाचून पाप ठरत नाही. दीक्षाभूमीच्या नागपुरात बुद्धाला मोहात पाडू पाहणारा ‘मार’ही ओळखीचा आहे. मात्र मार हा कामलोकाचा अधिपती, पडलेला देवदूत नव्हे, आणि तो हरतो जागृतीपुढे, आज्ञापालनापुढे नव्हे.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या धर्मसभेने, ठरवले की सैतान आणि त्याचे दूत मुळात चांगले निर्माण झाले, स्वतःहून वाईट झाले, आणि माणसाने पाप केले ते सैतानाच्या सूचनेवरून. ‘सूचना’ हा शब्द मोजूनमापून घातलेला आहे. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसच्या मते सैतान कल्पनेत चित्रे उभी करू शकतो, इंद्रिये चाळवू शकतो, पण इच्छेला थेट हात लावू शकत नाही. प्रत्येक पाप त्याच्या चिथावणीने होते असेही नाही, म्हणूनच जग, देह आणि सैतान असे तीन शत्रू मोजले जातात.

मोहाच्या पायऱ्या परंपरेने तीन : सूचना, गोडी, संमती. त्या सोप्या करून सांगणाऱ्यांत संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) यांचे नाव मोठे. नागपूरचे कॅथलिक कॅथेड्रल त्यांच्याच नावाचे आहे, आणि त्यांचे नाव धारण करणाऱ्या, फ्रान्समधील आनसी इथे १८३८ मध्ये स्थापन झालेल्या संघाचे धर्मगुरू या भागात काम करत आले. फ्रान्सिस एका विवाहित राजकन्येचा दाखला देतात. परका दूत वाईट निरोप घेऊन आला. निरोप ऐकू आला यात तिचा दोष नाही, तो आवडला तर धोका, होकार दिला तर अपराध. आपोआप उमटलेली गोडी आणि जाणूनबुजून चघळलेली गोडी यांतही ते फरक करतात. मोठ्या मोहापुढे, लांडगा पाहून मूल आईबापांच्या कुशीत पळते तसे देवाकडे पळावे; माश्या-चिलटांसारखे बारीक मोह एकेक करून मारत बसू नये.

चुका दोन बाजूंनी होतात. एकीकडे ‘सैतानाने करवले’ म्हणून हात झटकणे. कॅथलिक शिकवणीत सर्वांत गंभीर, म्हणजे प्राणघातक पापासाठी गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि स्वेच्छेची संमती या तिन्ही गोष्टी लागतात, आणि त्यांतली एकही सैतानाच्या नावावर खपवता येत नाही. दुसरीकडे, वाईट विचार नुसता डोक्यात आला म्हणून पापनिवेदनाला पुनःपुन्हा धावणारे हळवे मन. त्याला पहिली आणि तिसरी पायरी वेगळी करून दाखवणे, हेच धर्मगुरूचे निम्मे काम. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आत्म्यांची पारख करण्याचे १४ आणि ८ असे दोन गटांत नियम दिले. त्यांतले दोन रोजच्या कामाचे : मन उदास, कोरडे असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, आणि जो मोह लपवावासा वाटतो तो जाणत्या माणसाला सांगून टाकावा, कारण उघड झाला की त्याचा जोर ओसरतो.

मोह आणि भूतबाधा यांची गल्लत करू नये. मोह सर्वांनाच होतो. बाधा उतरवण्याचा विधी कॅथलिक चर्चमध्ये बिशपच्या खास परवानगीशिवाय करता येत नाही.

उपासनेत सैतानाचे नाव सर्वांत ठळक येते ते बाप्तिस्म्याच्या वेळी. चौथ्या शतकात यरुशलेममध्ये उमेदवार पश्चिमेकडे, म्हणजे अंधाराच्या दिशेला, तोंड करून सैतानाला नाकारत आणि मग पूर्वेकडे वळून विश्वास कबूल करत. आजच्या कॅथलिक विधीत सैतान, त्याची कृत्ये आणि त्याची पोकळ आमिषे यांबद्दल तीन प्रश्न असतात. बाळाच्या वतीने आईवडील आणि धर्ममातापिता उत्तर देतात, आणि ईस्टरच्या जागरणाला सगळी मंडळी हातात पेटती मेणबत्ती घेऊन तीच उत्तरे पुन्हा देते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांची पद्धत थोडी वेगळी. नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० रोजी ज्या सहा चर्चेसच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले, त्यांत बालकांना बाप्तिस्मा देणारे होते तसे स्वतः कबुली देणाऱ्या प्रौढांनाच देणारेही होते.

येशूच्या या परीक्षेची आठवण ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात (लेंट) होते. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत त्याचे दिवस भरतात ४६. सहा रविवार वजा केले की येशूचे ४० उरतात. नागपूरचे ऊन याच आठवड्यांत तापू लागते. कॅथलिकांना पूर्ण उपवास बंधनकारक आहे तो मात्र राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी : एकच पोटभर जेवण, तेही वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच. या काळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी परीक्षेचाच उतारा वाचतात, तीन वर्षांच्या चक्रात एकदा मत्तयातला, एकदा मार्कातला, एकदा लूकमधला.