लिमिट पोकरमध्ये अपुऱ्या हातावर रेझ : पार्श्वभूमी

कोल्हापुरात पत्त्यांवर हात बसतो तो तीन पत्ती आणि रमी खेळून. गणपतीचे जागरण असो की दिवाळीची रात्र, बैठक याच दोन खेळांची. तीन पत्तीत पाने वाटली की हात पूर्ण झाला. चाल वाढते ती तयार हातावर, नाहीतर थापेवर. रमीत हात अपुरा असतो, पण तो जुळवताना कुणी चाल वाढवत नाही. हात अजून जुळलेला नसताना स्वतःहून पॉट (मधे जमलेली रक्कम) वाढवायचा, ही गोष्ट दोन्ही खेळांत नाही. त्यामुळे लिमिट होल्डेमच्या (ठरलेल्या रकमेच्या बेटांचा पोकर, हातात दोन पाने आणि टेबलवर पाच सामाईक) टेबलवर कलरच्या पाचपैकी चार पाने जमली की इथला खेळाडू सहसा गप्प कॉल करतो, म्हणजे समोरच्या बेटइतकेच भरतो, आणि पुढच्या पानाची वाट बघतो. बहुतेक वेळा त्यात नुकसान नसते. पण जिथे रेझ (बेटवर वाढ) करायला हवा तिथेही तो गप्प बसतो, आणि छोट्या लिमिटमधली मोठी कमाई तिथेच सुटते.

हा सावधपणा पोकरच्या आतही जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पाच पानी ड्रॉ पोकरमध्ये पाने एकदाच बदलता येत. चार पाने एका रंगाची असली तर पाचवे लागण्याची शक्यता ४७ पैकी ९, म्हणजे १९ टक्के. पाचात एकदा इतकीही नाही. त्या खेळात ‘ड्रॉ (अजून पान लागायचा हात) स्वस्तात बघावा’ हा नियम अगदी बरोबर होता. होल्डेम टेक्सासमध्ये वाढला आणि १९६० च्या दशकात लास व्हेगासला पोचला. तिथे फ्लॉपनंतर (टेबलवरची पहिली तीन पाने उघडल्यावर) टर्न आणि रिव्हर अशी आणखी दोन पाने यायची असतात, म्हणून तोच कलरचा ड्रॉ रिव्हरपर्यंत ३५ टक्के वेळा लागतो. खेळ बदलला, शक्यता जवळजवळ दुप्पट झाली, पण नियम तोंडोतोंडी तसाच पुढे आला.

१९७० आणि ८० च्या दशकांतल्या लिखाणाने अपुऱ्या हातावर रेझ करण्याला मान्यता दिली, पण कारण दिले वेगळे. समोरचा पॅक करेल तर पॉट लगेच आपला, नाही केले तर पान लागण्याची आशा आहेच. व्हेगासच्या घट्ट टेबलवर हे चालत असे, कारण तिथे लोक पॅक करत. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात होल्डेमला कायदेशीर वाट मिळाली आणि तिथल्या कार्डरूममध्ये छोट्या लिमिटची गर्दीची टेबले उभी राहिली. एका फ्लॉपला पाच-सहा जण, आणि पॅक कुणीच करत नाही. अशा टेबलवर ‘तो पॅक करेल’ हे कारण मोडून पडले. काहींनी त्यावरून निष्कर्ष काढला की ड्रॉवर रेझच करू नये. तो चुकीचा होता. जुने कारण गेले, पण त्याहून भक्कम कारण त्याच गर्दीने आणून दिले होते.

ते कारण कागदावर स्वच्छ मांडले गेले ते १९९८ ते २००६ या काळात. १९९८ च्या सुरुवातीला इंटरनेटवर खऱ्या पैशांचे पोकर सुरू झाले आणि पहिली काही वर्षे तिथे लिमिटचेच राज्य होते. समोरासमोरच्या टेबलवर तासाला तीसेक डाव होतात. ऑनलाइन त्याच्या दुपटीने होत, आणि एक खेळाडू एका वेळी तीन-चार टेबले चालवी. प्रत्येक डावाची नोंद मजकुराच्या रूपात उरे, ती मोजणारी सॉफ्टवेअर आली, आणि ‘मला तरी असं वाटतं’ या वाक्याची किंमत उतरली. कलरचा ड्रॉ, तीन कॉल करणारे, फ्लॉपवर रेझ, असे गाळून घेऊन हजारो डाव तपासता येऊ लागले. २००३ नंतर दूरदर्शनवरच्या स्पर्धांमुळे नो-लिमिट (बेटच्या रकमेला मर्यादा नसलेला प्रकार) पुढे गेले, २००६ च्या अमेरिकी कायद्याने ऑनलाइन टेबले ओसरली. लिमिटवरचा सर्वांत कसदार विचार मात्र त्या आठ वर्षांतला आहे. आजही तोच वापरावा.

त्या विचाराचा गाभा एवढाच: कॉलचा हिशेब वेगळा आणि रेझचा वेगळा. कॉल करताना टेबलवर आधी पडलेला पॉट मोजायचा. रेझ करताना तो मोजायचा नाही. रेझने आपण जादा किती घातले, त्यावर इतरांनी किती घातले, आणि त्या जादा रकमेत आपला वाटा किती, एवढेच बघायचे. ‘पॉट मोठा झालाय म्हणून रेझ’ हे वाक्य बैठकीत फार ऐकू येते. मोठा पॉट हे कॉल करायचे कारण आहे, रेझचे नाही.

आकडे २-४ च्या लिमिटचे घेऊ. प्री-फ्लॉप (फ्लॉपच्या आधी) आणि फ्लॉपला बेट २ चे, टर्न आणि रिव्हरला ४ चे. आपल्याकडे बदामचा एक्का आणि बदामची अठ्ठी. फ्लॉपवर बदामचा राजा, किल्वरची सत्ती, बदामची तिर्री. रिव्हरपर्यंत जिंकण्याची शक्यता ३५ टक्के धरू. रेझ करून आपण जादा २ घातले आणि समोर एकच जण कॉल करून राहिला, तर जादा पॉट ४ चा, त्यात आपला वाटा १.४. म्हणजे ०.६ गेले. दोघे राहिले तर जादा पॉट ६ चा, वाटा २.१, फायदा ०.१. तिघे राहिले तर ८ पैकी २.८, फायदा ०.८. चौघे राहिले तर १० पैकी ३.५, फायदा दीडचा, आणि तो एका पानाचीही वाट न बघता.

तीन किंवा जास्त कॉल करणारे असतील तर रेझ करावा, यावर आता वाद उरलेला नाही. समोर एकटाच असेल आणि तो पॅक करणारा नसेल तर करू नये, यावरही नाही. सगळे भांडण दोघांवर आहे.

एका बाजूचे म्हणणे: एकाला दोनचा भाव म्हणजे ३३.३ टक्के लागतात, आपल्याकडे ३५ आहेत, मग थांबायचे कशाला? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ३५ हा आकडा कलर *लागण्याचा* आहे, डाव *जिंकण्याचा* नाही. ही दुसरी हरकत खरी आहे, आणि तिचे वजन हातागणिक बदलते. एक्क्याचा कलर असेल तर वरचा कलर कुणाकडे असूच शकत नाही. अठ्ठी-सत्तीचा असेल तर चार-पाच जणांच्या टेबलवर मोठा बदाम घेऊन बसलेला कुणीतरी निघतो, आणि तो नेमका त्याच वेळी रेझ करतो जेव्हा आपणही करतो. समोरच्याकडे तीन सारखी पाने झाली असतील तर आपला कलर लागूनही बोर्डवर (टेबलवरच्या उघड्या पानांत) जोडी पडली की त्याचे फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी) होते. अशा हाताविरुद्ध कलरच्या ड्रॉची खरी शक्यता २५-२६ टक्क्यांपर्यंत उतरते. फ्लॉपवरच जोडी असेल तर ही भीती आधीच टेबलवर बसलेली असते. उलट बाजूने उरलेले तीन एक्केही कधी डाव जिंकून देतात, तेवढी भर पडते.

आता ३५ ऐवजी ३० टक्के धरून तोच हिशेब करा. दोघे राहिले तर ६ पैकी १.८, म्हणजे ०.२ चा तोटा. तिघे राहिले तर ८ पैकी २.४, फायदा ०.४. यातून दोन गोष्टी निघतात. दोघांसमोर चूक झाली तरी ती दशांशातली आहे, तिघांसमोर गप्प बसलात तर मात्र प्रत्येक वेळी बेटचा चांगला हिस्सा सोडून देता. आणि दोघांसमोर रेझ केल्यावर त्यातला एक पॅक झाला तर ३५ टक्क्यांच्या हातालाही ०.१ च्या फायद्याऐवजी ०.६ चा तोटा होतो. म्हणून प्रश्न ‘आत्ता किती जण आहेत’ हा नाहीच. रेझ झाल्यावर किती जण उरतील, हा आहे. दोघांसमोर एक्क्याचा किंवा राजाचा ड्रॉ असेल, बोर्डवर जोडी नसेल आणि दोघेही पॅक न करणारे असतील, तर रेझ करावा. तिन्हीपैकी एक अट तुटली की कॉल. या मुद्द्यावर मधली वाट काढणारे लिखाण बरेच आहे, पण ते हिशेबापेक्षा भिडेखातर केलेले वाटते.

मागे किती उरतील हे ठरते ते बेट करणारा कुठे बसला आहे यावरून. तो आपल्या लगेच उजवीकडे असेल आणि आपण रेझ केला, तर आपल्यानंतर बोलणाऱ्या सगळ्यांना एकदम दोन बेटे भरावी लागतात. एरवी एका बेटला आले असते तेही पॅक करतात. ड्रॉवाल्याने स्वतःच्या हाताने गिऱ्हाईक हाकलले. तोच बेट करणारा डावीकडे असेल तर मधले सगळे आधी एक बेट भरून बसलेले असतात. मग आपण रेझ केला की एकदा भरलेला माणूस दुसऱ्या बेटसाठी सहसा पॅक करत नाही. हात तोच, फ्लॉप तोच, आणि एका जागी रेझ, दुसऱ्या जागी कॉल. टेबलवर सर्वांत जास्त दुर्लक्षित होणारी बाब हीच आहे. अपवाद असा की हातात मोठी पानेही असतील, उदाहरणार्थ बदामचा एक्का-राणी आणि फ्लॉपवर बदामचा गुलाम, तेव्हा मागच्यांना हाकलून एक्का-राणीची जोडीही चालावी अशी सोय होते. तिथे उजवीकडच्या बेटवरही रेझ ठीक.

सिक्वेन्सच्या ड्रॉचे गणित थोडे कडक आहे. दोन्ही टोकांनी उघडा असेल तर ८ पाने, ३१.५ टक्के, म्हणजे तिघे हवेतच. फ्लॉपवर दोन पाने एका रंगाची असतील तर आपल्या ८ पैकी २ पाने दुसऱ्याचा कलर लावतात. उरलेल्या ६ चे २४ टक्के होतात आणि तिघांसमोरही रेझ बसत नाही. मधले एक पान हवे असलेल्या सिक्वेन्सला ४ पाने, साडेसोळा टक्के. तिथे रेझचा विचार नको. कलर आणि उघडा सिक्वेन्स दोन्ही असतील तर १५ पाने, ५४ टक्के. हा हात तयार जोडीच्या पुढे असतो, तो फ्लॉपवर कॅपपर्यंत (रेझच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत) नेला तरी चालतो.

फ्री कार्डचा रेझ हा या इतिहासातला सर्वांत लाडका डाव. शेवटच्या जागेवरून फ्लॉपला २ ऐवजी ४ भरायचे, टर्नला सगळे घाबरून चेक करतात (बेट न करता पुढे जाऊ देतात), आपणही चेक करून रिव्हर बघायचा. एकूण खर्च ४. नुसता कॉल करत गेलो असतो तर २ आणि ४ मिळून ६. बचत २ ची. समोरच्याने उलट रेझ केला तर मात्र फ्लॉपलाच ६, शिवाय टर्नचे ४, एकूण १०. म्हणजे ४ जादा. जादा पॉटमधला आपला वाटा बाजूला ठेवून कच्चा हिशेब केला तर तीनदा एकदा उलट रेझ आला की बचत संपली. त्याने रेझ न करता टर्नला पुन्हा बेट केली तरी ८ होतात, २ चा तोटा. ही युक्ती घाबरणाऱ्या टेबलवर जन्मली. छोट्या लिमिटला ज्याच्याकडे जोडी आहे तो टर्नला बेट करतोच. म्हणून फ्री कार्ड मिळाले तर घ्यावे, त्यासाठी म्हणून रेझ करू नये.

टर्नला चित्र पालटते. बेट दुप्पट, पान एकच. कलरची शक्यता ४६ पैकी ९, १९.६ टक्के. चौघे कॉल करत असले तरी २० पैकी वाटा ३.९, म्हणजे किंचित तोटाच. पाच जण लागतात, आणि टर्नला पाच जण क्वचित उरतात. तेव्हा फ्लॉपला धडाक्याने रेझ करणाऱ्याने टर्नला शांतपणे कॉल करावा, यात विसंगती काही नाही. कॉलला पॉट बेटच्या चौपटीहून थोडा जास्त हवा, तो बहुधा असतो. १५ पानांचा ड्रॉ मात्र टर्नलाही ३२.६ टक्के असतो, तिघांसमोर रेझ करण्याजोगा.

कायद्याची बाजू थोडक्यात. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. इथे लागू असलेला जुगारविरोधी कायदा मुळात १८८७ चा, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या निकालाने रमी कौशल्याच्या बाजूला गेली, तीन पत्तीसारखे खेळ नशिबाच्या. पोकरबाबत वेगवेगळ्या राज्यांतले निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी आणली. घाट उतरून गोव्यात जाणाऱ्यांना तिथे टेबले मिळतात, पण ती जवळजवळ सगळी नो-लिमिट आणि ओमाहा या दुसऱ्या पोकर प्रकाराची. लिमिट शिकायचे तर घरी, पैशांशिवाय, चिप्सवर. तेवढ्यासाठी ते पुरेसे आहे, कारण वरचे सगळे गणित चिप्सच्या संख्येवर चालते.

२०१५ च्या जानेवारीत दोन खेळाडूंचे लिमिट होल्डेम संगणकाने जवळजवळ पूर्ण सोडवल्याचे जाहीर झाले. त्यावरून लिमिटमध्ये आता विचार करण्याजोगे उरले नाही असे म्हटले जाते. पण ते उत्तर समोर एकच जण असतानाचे आहे, आणि इथला सगळा प्रश्न तिसरा-चौथा माणूस बसला आहे की नाही यावर फिरतो. सहा-सात जणांच्या बैठकीला ते लागू पडत नाही. त्याऐवजी डाव सुरू होण्याआधी कॅप ठरवून घ्यावी: एक बेट आणि वर तीन रेझ ही रूढ पद्धत. ती न ठरवता बसले की १५ पानांचा ड्रॉ आणि तयार तीन पाने समोरासमोर येतात, रेझवर रेझ चढतात, आणि पाचव्या रेझला कुणीतरी म्हणते की एवढे चालत नाही.