ओपिऑइड वेदनाशामके आणि झोपेच्या गोळ्या : किशोरवयातील एकत्र सेवनाचे धोके

ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन ही अफूच्या जातीची वेदनाशामके (ओपिऑइड) आणि अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटातली शामके एकाच वेळी शरीरात असली, तर श्वास मंदावतो आणि प्रसंगी थांबतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली दोन्ही गटांच्या माहितीपत्रकावर याबद्दलची सर्वांत कडक सूचना सक्तीची केली.

श्वासाची लय मस्तिष्कस्तंभात (मेंदूच्या तळाशी मज्जारज्जूला जोडणाऱ्या भागात) ठरते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की तिथून श्वास वाढवण्याचा आदेश निघतो. ओपिऑइड ही जाणीव बोथट करतात. बेन्झोडायझेपिनमुळे ‘गाबा’ या रसायनाचा शामक परिणाम वाढतो, घशाचे स्नायू ढिले पडतात आणि गुदमरल्यावर जाग येण्याची शक्यता कमी होते. त्यामुळे एकेकटी घेतली असता सोसली जाणारी मात्राही एकत्र आल्यावर जड जाते. त्यात दारू पडली तर तिसरे शामक. गोव्यात मद्यपानाचे कायदेशीर वय १८ आहे; घरच्या समारंभात ते नेहमी पाळले जाते असे नाही.

किशोरांच्या हाती या गोळ्या बहुधा सरळ मार्गाने येतात : फुटबॉलच्या मैदानावर दुखावलेला गुडघा, अक्कलदाढ, टॉन्सिलची शस्त्रक्रिया. शामक मात्र घरातच असते, आजीच्या उशालगतच्या डब्यात. अर्धी पट्टी कमी झाली तर कोण मोजतो? डायझेपामचा अंश अनेक दिवस शरीरात राहतो, म्हणजे ‘कालची गोळी’ आजच्या वेदनाशामकाला येऊन मिळते. कोडीन व ट्रॅमाडॉल यकृतातल्या सीवायपी२डी६ या विकरामुळे अधिक प्रभावी रूपात बदलतात. काहींच्यात हे फार वेगाने होते आणि ते कुणात होईल ते चेहऱ्यावरून कळत नाही. टॉन्सिल वा ॲडिनॉइड काढल्यानंतर १८ वर्षांखालील मुलांना ही दोन्ही औषधे देऊ नयेत. लठ्ठपणा, झोपेत श्वास अडणे किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या १२ ते १८ वयाच्या मुलांनाही ती टाळतात. ट्रॅमाडॉलने झटकेही (फिट) येऊ शकतात. त्याच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेले असते. अति मात्रेत त्याची यकृतावरची इजा एकदोन दिवसांनी उघड होते, म्हणून शुद्धीवर आलेल्या मुलालाही रुग्णालयात दाखवावे लागते.

‘घोरतोय, म्हणजे गाढ झोपलाय’ हा समज घातक आहे. घोरण्यात घरघर असेल, तर श्वासमार्ग अर्धवट बंद झालेला असतो. ३० सेकंद छातीची हालचाल मोजून दुप्पट करावी : मिनिटाला १२ च्या खाली श्वास, ओठ वा नखे निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हाक मारून आणि छातीच्या हाडावर बोटांची पेरे घासूनही जाग नाही, यांतले काहीही दिसले की १०८ ला फोन करावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून हनुवटी किंचित वर ठेवावी. श्वास थांबला किंवा आचके येत असतील तर तोंडाने श्वास व छातीवर दाब, १०८ च्या मार्गदर्शनाने. कॉफी, थंड पाणी, उलटी करवणे यांचा उपयोग नाही; अर्धवट शुद्धीत उलटी फुप्फुसात जाते. रिकाम्या पट्ट्या सोबत न्याव्यात.

रुग्णालयात नॅलोक्सोन देतात. ते ओपिऑइडचा परिणाम उलटवते, शामकाचा नाही. ट्रॅमाडॉलवर त्याचा प्रभाव अर्धवट पडतो. नॅलोक्सोनचा असर साधारण ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, म्हणून जाग आली तरी मुलाला लगेच घरी नेता येत नाही. बेन्झोडायझेपिनवरचा उतारा फ्लुमाझेनिल, पण सवय लागलेल्याला त्याने झटके येतात. तो सरसकट देत नाहीत. नियमित घेणाऱ्याचे शामक घरी एकदम बंद करणेही तितकेच धोक्याचे. मात्रा हळूहळू उतरवावी लागते. गोव्यातील बांबोळी येथील मनोरोग संस्थेत यासाठी उपचार मिळतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६.

अल्प्राझोलम, डायझेपाम, कोडीन व ट्रॅमाडॉल अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच आणि नोंद करून विकायच्या औषधांच्या यादीत, मोडतात. फार्मसीने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वहीत नोंदवून ती वही ३ वर्षे ठेवायची असते. २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याखालीही आले आहे.