प्रवाळ मत्स्यालयातील नायट्रेट नियंत्रण

खाऱ्या पाण्याच्या टाकीत साचलेले नायट्रेट प्रवाळांना मानवेल इतके खाली आणण्याच्या आणि तिथे टिकवण्याच्या उपायांना नायट्रेट नियंत्रण म्हणतात. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजले की अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. इथवरचे काम भरपूर प्राणवायूत झपाट्याने होते. नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन तो पाण्याबाहेर जाणे मात्र प्राणवायू जवळपास संपलेल्या जागीच घडते. लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जिवाणू वसलेल्या खडकाच्या, सच्छिद्र पोटात आणि वाळूच्या जाड थरात अशा जागा असतात, पण बहुतेक टाक्यांना त्या पुरत नाहीत.

मोकळ्या समुद्रातल्या प्रवाळभित्तींवर नायट्रेट लिटरमागे १ मिलिग्रॅमहूनही कमी असते. टाकीत २ ते १० मिलिग्रॅम ही पातळी सर्वसाधारणपणे चांगली समजली जाते. ती फार वाढली की प्रवाळांच्या ऊतींत राहणारी झूझँथेली ही एकपेशीय शैवाले बळावतात आणि प्रवाळांचे निळे-जांभळे रंग तपकिरीखाली झाकले जातात. मासे याहून कितीतरी जास्त नायट्रेट सोसतात, त्यामुळे ते ठणठणीत दिसतात एवढ्यावर विसंबू नये.

उपायाआधी मोजमाप तपासावे. काही चाचणी संच नायट्रेट दाखवतात, तर काही त्यातला फक्त नायट्रोजन. दुसऱ्या प्रकारचा आकडा सुमारे ४.४ने गुणावा लागतो. अभिकारकाची (चाचणीच्या रसायनाची) बाटली नीट हलवली नाही तर तळाशी बसलेला गाळ तसाच राहतो आणि आकडा खोटा कमी येतो. मीठ कालवलेले ताजे पाणीही एकदा तपासावे, कारण कधीकधी नायट्रेट त्यातूनच येत असते.

पाणी बदलणे हा सर्वांत सुरक्षित उपाय, पण त्याचे गणित समजून घ्यायला हवे. ५० मिलिग्रॅमवर असलेल्या टाकीतले २० टक्के पाणी बदलले की ४० उरतात, पुन्हा बदलले की ३२, चौथ्या खेपेला सुमारे २०. शिवाय मधल्या दिवसांत खाद्यातून भर पडतच असते. म्हणून मुळाशी जाणे भाग आहे. गोठवलेले खाद्य वितळवून, गाळून, त्याचे पाणी फेकून द्यावे. गाळणीचा स्पंज बादलीत पिळून पाहावा. पाणी गढूळ तपकिरी झाले, तर तो घाण पकडून टाकीतच कुजवत होता असे समजावे. पाण्यात बारीक बुडबुडे सोडून फेसाबरोबर घाण काढणाऱ्या प्रोटीन स्किमर या यंत्राचे मोल इथेच कळते. त्याच्या पेल्यात जमणारा काळपट, उग्र वासाचा फेस म्हणजे अमोनिया होण्याआधीच बाहेर निघालेली घाण.

रिफ्युजियममध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या वेगळ्या कप्प्यात, प्रकाशाखाली वाढवलेले केटोमॉर्फा शैवाल नायट्रेट शोषते, पण ते वेळोवेळी उपसून काढले तरच उपयोग. कार्बन डोसिंगमध्ये व्होडका किंवा व्हिनेगर थेंबांच्या मापाने घालतात. या कार्बनवर जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट घेतात आणि स्किमरमधून बाहेर जातात. फॉस्फेट संपले असेल तर त्यांची वाढ थांबते आणि नायट्रेटचा आकडा हलत नाही. १०० लिटरमागे दिवसाला ०.१ मिली व्होडका इतक्या अल्प मात्रेने सुरुवात करतात. मात्रा एकदम वाढवली की पाणी दुधाळ होते, प्राणवायू घटतो आणि एका रात्रीत मासे दगावू शकतात. गोड्या पाण्यात चालणारी नेहमीची नायट्रेट रेझिन (नायट्रेट धरून ठेवणारे दाणे) खाऱ्या पाण्यात निरुपयोगी ठरतात, कारण तिथला प्रचंड क्लोराइड त्यांच्या जागा अडवतो.

नायट्रेट कितीही वाढलेले असो, ते आठवड्या-आठवड्याने उतरवावे. जास्त पातळीला सरावलेल्या प्रवाळांखालून पोषण अचानक काढून घेतले तर ते फिके पडतात, क्वचित त्यांच्या ऊती सांगाड्यावरून सुटतात. शून्य हेही उद्दिष्ट नव्हे. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपलेल्या टाकीत अनेकदा डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा बुडबुड्यांनी भरलेला तपकिरी, चिकट थर वाळूवर पसरतो. तेव्हा सोडियम नायट्रेटचे द्रावण मोजून परत घालावे लागते.