सुई टोचली तर आधी गोळी, मग फॉर्म : मेडिकल आणि नर्सिंग कॉलेजातल्या एक्स्पोजर अर्जाची पूर्ण माहिती

मी एका शिकवणाऱ्या रुग्णालयात इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून काम करते. सुई टोचल्याचे, डोळ्यात रक्त उडाल्याचे, म्हणजे एक्स्पोजरचे, अर्ज माझ्या टेबलावर येतात. त्यातले बरेचसे अपुरे म्हणून परत जातात, आणि परत जाण्याची कारणं वर्षानुवर्षं तीच असतात. एवढ्यासाठीच हे लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली. रात्रपाळीत आयव्ही काढल्यावर सुईला टोपण लावताना डाव्या तर्जनीत सुई गेली होती. बोटाला गॉज गुंडाळलेलं, हातात फॉर्म. अक्षर सुरेख, एकही रकाना रिकामा नाही. घटनेची वेळ : रात्री 11.20. मी विचारलं, एचआयव्ही टाळण्याची गोळी कधी घेतलीस? ती म्हणाली, "विभागप्रमुखांची सही झाल्यावर देतात ना?" तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. औषध रात्रभर कॅज्युअल्टीच्या कपाटात होतं, तिच्या वॉर्डापासून एका जिन्यावर. सही लागते असं तिला कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते सांगणाऱ्यालाही तसंच वाटत होतं.

72 तास म्हणजे तीन दिवसांची सवलत नव्हे

सगळ्यात जास्त नुकसान या एका गैरसमजाने होतं. एचआयव्ही टाळण्यासाठीची औषधं, म्हणजे पीईपी, 72 तासांच्या आत सुरू करायची असं बहुतेक धोरणांत छापलेलं असतं. पोरं ते वाचतात आणि म्हणतात, आज शुक्रवार, सोमवारी बघू. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या, मार्गदर्शक सूचनांत त्याच्या आधीचं वाक्य आहे : शक्य तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या दोन तासांत. 72 तास ही शेवटची रेषा आहे. तिच्यापलीकडे औषध सुरू करून उपयोग होईल असं धरलं जात नाही. दोन तास आणि सत्तर तास सारखे नाहीत.

दुसरीकडे फॉर्मची मुदत वेगळी असते. बऱ्याच कॉलेजांत 24 तास, काही ठिकाणी 48. ती फक्त नोंदीची मुदत आहे. औषधाला फॉर्म लागत नाही, विभागप्रमुखाची सही लागत नाही, सोर्स पेशंटचा, म्हणजे ज्याच्या रक्ताशी संबंध आला त्या रुग्णाचा, रिपोर्टही लागत नाही. कॅज्युअल्टीत जायचं, केसपेपर काढायचा, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना "प्रिक झालंय (सुई टोचली आहे), पीईपीचा पहिला डोस हवा" एवढं सांगायचं. धोका किती आहे ते डॉक्टर ठरवतील, आणि गरज नाही असं नंतर ठरलं तर गोळ्या थांबवता येतात. एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र, संध्याकाळी बंद होतं, म्हणूनच पहिले डोस कॅज्युअल्टीत ठेवायचे असतात. तुमच्या रुग्णालयात ते कुठल्या कपाटात आहेत आणि रात्री किल्ली कोणाकडे असते, हे पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी विचारून घ्या. प्रिक झाल्यावर विचारत फिरायची वेळ येऊ नये.

त्याआधीचं काम पाच मिनिटांचं. बोट वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट, डेटॉल, आयोडिन, ब्लीच काहीही लावू नका. डोळ्यात उडालं तर पाण्याने किंवा सलाइनने धूत राहा. तोंडात गेलं तर थुंकून पुन्हापुन्हा चुळा भरा.

अर्ज कोण करू शकतो

"विद्यार्थी आहेस, स्टाफ नाहीस" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता राग येतो. नाकोची व्याख्या स्वच्छ आहे : आरोग्यसेवेच्या ठिकाणी काम करणारी कोणीही व्यक्ती, पगारी असो वा बिनपगारी. त्यात मेडिकल आणि नर्सिंगचे विद्यार्थी, इंटर्न, लॅबमधले लोक, शवविच्छेदन विभागातले कर्मचारी आणि सफाई कर्मचारी यांचा नावानिशी उल्लेख आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम 2017, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, त्याच्या कलम 19 नुसार अशा संस्थेने तिथे काम करणाऱ्या आणि कामामुळे संसर्गाचा धोका असलेल्या सर्वांना खबरदारीची साधनं, ती वापरण्याचं प्रशिक्षण आणि पीईपी द्यायची आहे. ही कोणाची मेहेरबानी नाही. खिडकीवर कोणी परत पाठवलं तर कलमाचा क्रमांक सांगा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव विचारा. 20 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आरोग्य संस्थेत असा अधिकारी नेमणं याच कायद्याने बंधनकारक आहे.

सर्वात जास्त अडतं ते कंत्राटी मावशी आणि मामांचं. एका मावशींना चादरी गोळा करताना आत राहिलेली सुई तळहातात रुतली. त्यांनी हळद लावली आणि पाळी पूर्ण केली. तिसऱ्या दिवशी सहज बोलता बोलता सांगितलं. ओळखपत्र एजन्सीने दिलंच नव्हतं, त्यामुळे फॉर्मचा "कर्मचारी क्रमांक" हा रकाना रिकामा, आणि तेवढ्यावर अर्ज परत. अशा वेळी वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरने "सदर व्यक्ती या दिवशी या पाळीत या वॉर्डात कामावर होती" असं एका ओळीचं पत्र हजेरीपटाच्या प्रतीसह द्यावं. तेवढं पुरतं. इनचार्ज सिस्टरांना माझी हात जोडून विनंती आहे, हे पत्र अडवू नका.

एक्स्पोजरमध्ये काय मोडतं आणि काय मोडत नाही, हेही सांगते. सुई, ब्लेड, फुटलेली काच. डोळ्यात, नाकात, तोंडात उडालेलं रक्त. कापलेल्या किंवा सोललेल्या त्वचेवर पडलेलं रक्त, हे सगळं एक्स्पोजर. रक्ताबरोबर पाठीच्या मणक्यातलं, छातीतलं, पोटातलं पाणी आणि गर्भजलही धरतात. धडधाकट त्वचेवर रक्त पडलं तर फक्त धुवायचं. घाम, अश्रू, लघवी, थुंकी, उलटी यांत रक्त दिसत नसेल तर पीईपीची गरज नसते.

जो कागद कोणाकडेच नसतो

हेपॅटायटिस बीच्या लसीचं प्रमाणपत्र. प्रवेशाच्या वेळी मागतात, मुलं पहिल्या डोसची पावती जोडतात, दुसरा डोस महिन्याने होतो, आणि सहा महिन्यांनी येणारा तिसरा परीक्षेत राहून जातो. मग प्रिक झाल्यावर फॉर्ममध्ये "लसीकरण पूर्ण? टायटर किती?" (टायटर म्हणजे लसीने रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) हा प्रश्न येतो आणि सगळे "होय" लिहून मोकळे होतात. कागद मागितला की अर्ज अडतो.

खोटं "होय" लिहू नका. त्यात धोका तुमचाच आहे. बाधित रुग्णाची सुई टोचल्यावर एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात सुमारे 3 असते. हेपॅटायटिस सीची शंभरात 2 पेक्षा कमी. पण हेपॅटायटिस बीची, तुमची लस झालेली नसेल तर, शंभरात 6 पासून 30 पर्यंत जाते. वाळलेल्या रक्तात हा विषाणू निदान 7 दिवस तग धरतो, म्हणून चादरीतली ती सुईही साधी नव्हती. सगळे एचआयव्हीला घाबरतात आणि ज्याच्यावर लस आहे तोच आजार विसरतात.

लस अपुरी असेल तर तसंच लिहा. सोर्स पेशंट हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघाला तर तुम्हाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन लागेल, शक्यतो 24 तासांत, उशिरात उशिरा 7 दिवसांत. "होय" लिहिलंत तर ते कोणी देणार नाही. राहिलेला डोस कितीही उशिरा घेतला तरी चालतो, मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर तपासून घ्या. 10 किंवा त्याहून जास्त आला की तो रिपोर्ट आयुष्यभर जपून ठेवा. लसीचा खर्च कोणाचा, हा वादही घालू नका : जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम 2016 नुसार आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि कचरा हाताळणाऱ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे.

तुमची स्वतःची पहिली तपासणी

ज्या कागदाला लोक सर्वात जास्त टाळतात तो हा. प्रिक झाला त्याच दिवशी तुमच्या रक्ताची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सीची तपासणी करायची. "मला काही नाही, मी कशाला करू?" असं म्हणतात, किंवा आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या, रांगेत ओळखीचं कोणी बघेल म्हणून जात नाहीत. भीती मला कळते. पण हा रिपोर्ट त्या दिवशी तुम्ही निगेटिव्ह होता एवढंच सांगतो, आणि पुढे दुर्दैवाने काही निघालं तर ते कामावरूनच लागलं हे दाखवायला दुसरा भक्कम पुरावा नसतो. कर्मचारी भरपाई अधिनियम 1923 च्या, आणि आता त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता 2020 च्या, तिसऱ्या अनुसूचीत असे संसर्ग व्यवसायजन्य आजार म्हणून धरलेले आहेत, पण पहिल्या दिवशीचा कागदच नसेल तर दावा उभा कशावर राहणार?

याला वैद्यकीय कारणही आहे. पीईपीच्या गोळीतली दोन औषधं हेपॅटायटिस बीवरही काम करतात. तुम्हाला आधीपासून हेपॅटायटिस बी असेल आणि 28 दिवसांनी गोळी एकदम थांबवली तर यकृताला सूज येऊ शकते. डॉक्टरांना हे आधी ठाऊक हवं. किडनीसाठी क्रिएटिनिनही याच नमुन्यातून होतं.

सोर्स पेशंटची तपासणी मात्र त्याच्या संमतीनेच. वॉर्डात परस्पर रक्त काढून "तेवढं एक लावून टाका" असं सांगणं कायद्याविरुद्ध आहे. समुपदेशकाकडून समजावून सांगितलं तर बहुतेक रुग्ण हो म्हणतात. नाही म्हणाला, घरी गेला, किंवा सुई कोणाची हेच माहीत नसेल, तर फॉर्ममध्ये "अज्ञात" लिहा. अज्ञात सोर्स म्हणून अर्ज फेटाळता येत नाही. आणि सोर्सचा केसपेपर क्रमांक लिहा, नाव लिहू नका. त्याचा रिपोर्ट पाच टेबलांवरून फिरणाऱ्या कागदाला जोडू नका. तुमच्या रिपोर्टलाही तोच नियम. तो बंद लिफाफ्यात इन्फेक्शन कंट्रोलकडे जातो, प्राचार्यांच्या फायलीत नाही.

फॉर्म भरताना

घटनेची वेळ मिनिटासह लिहा. "रात्री" असं लिहिलेले अर्ज परत येतात. सुई पोकळ होती का, रक्त दिसत होतं का, ग्लोव्ह होते का, जखम खोल की वरवरची, हे लिहा. टोपण लावताना टोचली असेल तर तसंच लिहा. ओरडा पडेल म्हणून "पेशंट हलला" असं लिहिणारे पुष्कळ आहेत. फॉर्म कोणाला शिक्षा करायला नाही. त्या वॉर्डात सुया टाकायचा पांढरा डबा भरून वाहत होता का, हब कटर (सुई कापायचं यंत्र) बिघडला होता का, हे आम्हाला त्यातूनच कळतं.

विभागप्रमुख रजेवर असतील तर ड्यूटीवरच्या वरिष्ठांची सही घ्या. तेही नसतील तर फॉर्म बिनसहीचा ईमेलने पाठवा आणि दुसऱ्या दिवशी सही झालेली प्रत द्या. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्या पाहण्यात सर्वाधिक अर्ज हरवले ते "ठेवून जा, बघतो" या तीन शब्दांनंतर.

28 दिवस आणि सहा महिने

गोळी रोज एक, 28 दिवस. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत येतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं होतं आणि तिथेच मुलं सोडून देतात. सोडू नका, एआरटी सेंटरला जाऊन सांगा. आणखी एक, जे फारसं कोणी सांगत नाही : हॉस्टेलच्या बऱ्याच मुली लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घेतात, मुलं अॅसिडिटीसाठी अँटासिड घेतात. यांच्याबरोबर घेतली तर डोल्युटेग्रॅव्हिर अंगी नीट लागत नाही. ती त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. गरोदर असाल किंवा शंका असेल तर लपवू नका. त्या कारणाने पीईपी नाकारत नाहीत.

हेपॅटायटिस सीला अशी आगाऊ गोळी नाही. तिथे फक्त तपासण्या वेळेवर करायच्या, आणि लागण निघालीच तर बहुतेकांना 12 आठवड्यांच्या उपचाराने तो पूर्ण बरा होतो. राष्ट्रीय कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे.

एचआयव्हीच्या पुढच्या तपासण्या सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी. त्या पूर्ण होईपर्यंत रक्तदान नाही, आणि जोडीदार असेल तर कंडोम. पहिल्या तपासणीला सगळे येतात, तिसऱ्याला निम्मेही येत नाहीत : तोवर पोस्टिंग बदललेलं असतं, इंटर्नशिप संपलेली असते, मुलगी गावी गेलेली असते. गावी गेलात तर तिथल्या आयसीटीसीत तपासणी करा, फुकट आहे, आणि रिपोर्टची प्रत कॉलेजला पाठवा. केंद्र कुठे आहे ते 1097 या मोफत क्रमांकावर सांगतात.

त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीचा सहाव्या महिन्याचा रिपोर्ट मार्चमध्ये आला. निगेटिव्ह. फाइलवर "प्रकरण बंद" असा शेरा मी त्या दिवशी मारला. तुमच्या फाइलवर हा शेरा त्याआधी कोणी मारत असेल तर मारू देऊ नका.